गेमसाठी कुठला मोडेम घेऊ?

वसई स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी असलेल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी बरीच वर्षं काम केलं. विक्री, जोडणी, दुरुस्ती आणि गिऱ्हाइकाचं रडगाणं ऐकून घेणं, ही सगळी कामं एकाच पगारात होती. त्यातही मोडेम हा माझा प्रांत. आमच्या मालकांना प्रिंटर कळायचा, हार्ड डिस्क कळायची. मोडेमचं नाव काढलं की ते ‘सुलभाताई, जरा बघा’ म्हणून चहा सांगायला बाहेर पडायचे. आता मोडेम कोणी विचारत नाही. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि ते आलं की घरचा फोन बंद पडायचा, असं मी परवा भाच्याला सांगितलं, तर तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघायला लागला. माझ्या डोक्यातलं ते सगळं ज्ञान भंगारात गेलंय. भंगारवाला निदान तांब्याचे पैसे तरी देतो.

तरीही लिहायला बसले, कारण त्या दिवसांतलं एक गिऱ्हाईक डोक्यातून जात नाही. पण आधी ज्यांनी ते यंत्र पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

फोनची तार माणसाचा आवाज वाहून न्यायला बनलेली. मोडेम कॉम्प्युटरच्या भाषेचा आवाज करायचा आणि तो तारेवर सोडायचा. पलीकडे कंपनीचा मोडेम तो ऐकायचा आणि उलट ओरडायचा. जोडणी होताना जो चिरका आवाज यायचा, तो या दोघांची ओळखपाळख. आनंदनगरमधल्या एक बाई त्या आवाजावरून मोडेम परत घेऊन आल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आम्ही पोराला मारतो, म्हणाल्या. त्यांना मी आवाज बंद करून दिला, तर चार दिवसांनी पुन्हा हजर. आता चालू आहे की बंद तेच कळत नाही!

मोडेम दोन जातींचे. एक कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं कार्ड, दुसरा टेबलावर ठेवायचा डबा. कार्ड स्वस्त, कारण निम्मं काम ते कॉम्प्युटरच्या गळ्यात टाकतं. पत्रं पाठवायला ते ठीक. पण गेममध्ये कॉम्प्युटर आधीच गाड्या नाहीतर बंदुका काढण्यात गुंतलेला असतो. त्यात याचं काम मागे पडतं आणि पडद्यावरचं सगळं अडखळायला लागतं. म्हणून गेम म्हटलं की मी डोळे झाकून बाहेरचा डबा सुचवायची. त्याला पुढे दिवे असतात, ते वाचायला शिकलं की दुखणं कुठे आहे ते समजतं.

खोक्यावर वेगाचा मोठा आकडा छापलेला असायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! तो वेग वसईत कोणाला मिळालेला मी पाहिला नाही. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तारेला जागोजाग जोड, आणि खाऱ्या हवेनं प्रत्येक जोड हिरवा पडलेला. मी उलट गेमवाल्यांचा वेग मुद्दाम कमी करून द्यायची, तेव्हा ती मंडळी चोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघायची. त्यांना समजावावं लागायचं की इंटरनेटवरून गाणी उतरवून घेणाऱ्याला बादलीभर पाणी हवं असतं, ते केव्हाही येवो. खेळणाऱ्याला चमचाभरच लागतं, पण मागितल्या क्षणी आणि न खंडता. मोडेमला माल घडी घालून पाठवायची सवय असते, तीही मी बंद करायची. घडी घालेपर्यंत समोरच्यानं गोळी मारलेली असते.

सातिवलीच्या एका गाळ्यात हिशेब लिहिणारे गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लाइनवर बंदुकीचा गेम खेळायचे. त्यांना मी असा मोडेम लावून दिला, तर ते इतके जिंकायला लागले की जेवायचं विसरले आणि बायको माझ्याशी भांडायला दुकानात आली. जूचंद्रचे एक शेतकरी दर पावसाळ्याच्या तोंडाशी जळका मोडेम घेऊन यायचे. ‘ताय, वीज कडाडली तवा मी पिन काडली व्हती,’ असं शपथेवर सांगायचे. पिन काढायचे ते भिंतीतल्या विजेची. फोनची तार तशीच ठेवायचे, आणि आकाशातली वीज नेमकी तिथून आत यायची. या गोष्टी आठवून मी आजही हसते. मिंगेल सरांची आठवली की हसू येत नाही.

मिंगेल सर दुकानात आले तेव्हा त्यांच्या पँटला सायकलची क्लिप होती आणि हातात छत्री. होळी नावाच्या नाक्यापुढे त्यांची वाडी. गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. शिकवणाऱ्या माणसाची असते तशी स्वच्छ मराठी.

“गेम खेळायला मोडेम हवाय.”

“नातवासाठी का, सर?”

“माझ्यासाठी.”

“कुठला गेम?”

“मोटारींच्या शर्यतीचा,” सर म्हणाले. मालक खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड होतं. खेळता खेळता लाइन पडते, म्हणाले. मी नेहमीचं पुराण ऐकवलं, त्यांनी ते वर्गातल्या हुशार मुलासारखं ऐकलं आणि नेमका प्रश्न विचारला, “म्हणजे वेगापेक्षा खंड न पडणं महत्त्वाचं. बरोबर?” मी म्हटलं, अगदी बरोबर. दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले.

वाडी सुरेख होती. केळी, सोनचाफा, मधोमध विहीर. विहिरीच्या अलीकडे सरांचं घर, पलीकडे धाकट्या भावाचं. फोनची जोडणी एकच, सरांच्या नावावर. कितीतरी वर्षं वाट बघून मिळालेली, म्हणून भावाभावांत वाटून घेतलेली. सरांच्या घरातून एक तार विहिरीवरून पलीकडे गेली होती आणि भावाच्या घरात त्याच नंबरचा दुसरा फोन होता. वसईच्या वाड्यांतून तेव्हा हे सर्रास चालायचं. मोडेमवाल्यांना मात्र असा जोडफोन म्हणजे वैरी. पलीकडे कोणी नुसता रिसीव्हर उचलला तरी अलीकडची लाइन पडते. म्हणून मी पहिला प्रश्न तोच विचारला.

“सर, तुम्ही खेळता त्या वेळी पलीकडे कोणी फोन उचलत असेल.”

“शक्यच नाही,” सर म्हणाले. “मी संध्याकाळी तेर्साच्या वेळी बसतो. त्या वेळी घरातलं सगळं माणूस वेदीपुढे गुडघ्यावर असतं. फोनला हात कोण लावणार?”

तेर्स म्हणजे रोजची जपमाळेची प्रार्थना. संध्याकाळी वसईच्या गावांत रस्त्यानं चालत गेलं तर घराघरातून तिचा एकसुरी आवाज ऐकू येतो. ते मलाही पटलं. मी मोडेम जोडला, वेग उतरवला, दुपारभर लाइन चालू ठेवून पाहिली. दिवे ठणठणीत. सरांनी मला शर्यत दाखवली. दोन तर्जन्यांनी ते बाणांची बटणं दाबत होते आणि गाडी या कुंपणावरून त्या कुंपणावर आपटत होती. आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं, म्हणाले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. लाइन पडतेच आहे.

मी गेले, मोडेम बदलला. पुन्हा तेच. मग दोष तारेत असणार असं मी ठरवलं. लाइनमनच्या पाठी लागून केळीतून गेलेल्या तारेचे सगळे जोड नवे करून घेतले. दुपारी पाहावं तर सगळं छान, संध्याकाळ झाली की सरांचं नशीब तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी थोडी वैतागलेच होते. म्हटलं, “सर, वसईत सगळ्यांचीच लाइन पडते. पुन्हा जोडायची आणि पुन्हा खेळायचं. एवढं काय त्यात?”

 सर आत गेले, दोघांसाठी चहा घेऊन आले आणि बसून सांगायला लागले.

शर्यतीत त्यांच्याबरोबर जो खेळायचा तो त्यांचा मुलगा होता, नेल्सन. कुवेतमध्ये एका कंपनीत ड्राफ्ट्समन. दोन वर्षांमागे सरांच्या पत्नी, लुसीबाई, अचानक गेल्या. कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतलेला, रजा मिळेना; नेल्सन आईच्या मातीला पोहोचला नाही. दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“मी एवढंच म्हणालो, आता कशाला फोन करतोस? आणि रिसीव्हर आपटला,” सर म्हणाले. “नातेवाइकांनी विचारलं, नेल्सन काय म्हणाला? मी सांगितलं, लाइन गेली. ते त्याच्याही कानावर गेलं. तो ओळखून होता. तार तुटली की आवाज खरखरत जातो, गं. आपटलेला रिसीव्हर वेगळा कळतो.”

त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

सरांचा स्वभावच तसा. गावात म्हणच पडली होती, ‘मिंगेल सर उठले’ अशी. वर्गात गोंगाट झाला की पुस्तक मिटून उठायचे. चर्चच्या सभेत मनाविरुद्ध झालं की उठायचे. लग्नाच्या पंगतीतून उठलेले. प्रत्येक वेळी लुसीबाई मागून जायच्या आणि हाताला धरून परत आणून बसवायच्या. त्या गेल्या, आणि सर तेर्सातूनही उठले. बायकोला नेणाऱ्या देवापुढे मी गुडघे टेकणार नाही, असं भावाला तोंडावर सांगून बाहेर पडले, ते पुन्हा प्रार्थनेला गेलेच नाहीत. आता हाताला धरून परत आणणारं कोणी उरलं नव्हतं.

मग नेल्सनचा एक मित्र सुट्टीवर आला. बोलता बोलता म्हणाला, नेल्सन रोज संध्याकाळी कंपनीच्या करमणुकीच्या खोलीत बसून इंटरनेटवर गाड्यांची शर्यत खेळतो, तेवढ्यापुरता तिथला कॉम्प्युटर त्याच्या वाट्याला येतो. कुवेतचं घड्याळ आपल्या मागे. तिथली ती वेळ म्हणजे इथली तेर्साची. सरांनी त्याच्याकडून तो गेम घालून घेतला आणि स्वतःच्या नावानंच त्यात शिरले.

“पहिल्या दिवशी मी सुटल्या सुटल्या भिंतीवर आदळलो,” सर म्हणाले. “बाकीच्या गाड्या गेल्या निघून. एक गाडी मात्र वळून परत आली आणि माझ्या शेजारी थांबली. काही लिहिलं नाही, बोलला नाही. मी गाडी बाहेर काढेपर्यंत थांबला. मग हळूहळू माझ्यापुढे चालायला लागला, वळण कसं घ्यायचं ते दाखवत.”

हे सांगताना त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला तेव्हा कुठे कळलं की मी मोडेम कशासाठी विकत होते.

“इतर कोणाची लाइन गेली की माझ्या पडद्यावर काय येतं, ठाऊक आहे ना तुला? अमका शर्यत सोडून गेला. लाइन गेली असं येत नाही. सोडून गेला. रोज अर्ध्या शर्यतीत त्याच्यासमोर माझ्या नावानं हेच येत असणार. मिंगेल सोडून गेला.”

“सर, दुसऱ्या दिवशी लिहायचं ना, लाइन गेली होती म्हणून?”

“लिहिलं. तो लिहायचा, ओके पप्पा. मग नुसतं ओके. आता तेही नाही.” सर कपाकडे बघत म्हणाले, “लाइन गेली हे मी पूर्वी एकदा खोटंच सांगितलंय, बाय. लांडगा आला रे आला, तसं झालंय माझं.”

मी त्यांना म्हटलं, उद्या मी तुमच्या वेळेला येते. दुकानाबाहेरचं काम मी दुपारीच करायची; संध्याकाळी बायकामाणसानं गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही असा मालकांचा दंडक होता. तो मोडला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सरांनी लाइन जोडली. दिवे नीट लागले. खेळणाऱ्यांच्या यादीत नेल्सनचं नाव दिसलं तसे सर खुर्चीत ताठ झाले. शर्यत सुटली. मी पहिल्यांदाच त्या दोघांना एकत्र पाहिलं. पुढे एक निळी गाडी, मागे सरांची लाल. आता ते पूर्वीइतके आपटत नव्हते. निळी गाडी मात्र पूर्वीसारखी थांबत नव्हती, थोडी आपल्याच नादात पुढे चालली होती. सर ओठ दाबून तिच्यामागे जात होते.

विहिरीपलीकडे प्रार्थनेला सुरुवात झाली आणि मोडेमवरचा एक दिवा विझला. पलीकडच्या मोडेमचा आवाज ऐकू येतोय हे सांगणारा तो दिवा. निळी गाडी जागच्या जागी थिजली. सरांनी पुन्हा जोडून पाहिलं. फोनला टोनच नाही, असं उत्तर आलं.

“हे बघ, हे असंच,” सर म्हणाले.

टोन का नाही ते पाहावं म्हणून मी त्यांच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन नव्हता. आत तेर्स चालू होता.

 बाहेरून जो आवाज विहिरीवरून पुसट येत होता, तोच रिसीव्हरमध्ये स्पष्ट येत होता. “नमो मरिये, कृपापूर्णे...” बाईमाणसांचे आवाज, पुरुषांचे, एखादी लहान मुलगी मागे पडून घाईनं शब्द गाठणारी. म्हणजे पलीकडचा फोन उचलून ठेवलेला होता आणि तो सगळी प्रार्थना ऐकत होता. काखेत कळसा, आणि मी गावाला वळसे घालून तारेचे जोड बदलत बसले होते. मी रिसीव्हर सरांच्या हातात दिला.

सर उभे राहून ऐकत होते. मीही जवळच होते, म्हणून शेवटचं मलाही ऐकू आलं. माळ संपल्यावर त्यांची भावजय, कतरीनकाकी, एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना मागत होती. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, लुसीबाईंच्या आत्म्यासाठी. आणि मग म्हणाली, “आमच्या मिंगेलभाऊंसाठी आनि नेल्सनसाठी. बापलेकाला पुन्ना बोलू दे, देवा.” बाकीच्यांनी आमेन म्हटलं. ते रोजचंच असावं, कारण कोणी अडखळलं नाही. थोड्या वेळानं खट्ट झालं, पलीकडचा रिसीव्हर जागेवर गेला.

सरांनी आपलाही रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीत बसले. पडद्यावर अजून ती थिजलेली निळी गाडी होती.

मी विहीर ओलांडून काकींच्या स्वयंपाकघरात गेले. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसत होत्या. फोनचं विचारलं.

“तेर्साला बसताना मी उचलूनच ठेवते गं,” त्या सहज म्हणाल्या. “मधीच वाजला तर पोरं धावतात, परार्थना मोडते. लुसीबायनं लावलेली सवय हाय ती. ती बोलायची, देवाशी बोलताना दुसऱ्या कोनाचा फोन नको. ती होती तवा भाऊंच्या घरी तेर्स व्हायचा, तवा भाऊ येऊन बसायच्या आधीच ती तिथला उचलायची. आता इथं होते तर मी इथला उचलते.”

“उचलल्यावर कानाला लावत नाही का? चिरका आवाज येत असेल.”

“कानाला कशाला लावू? उचलते आनि बाजूला उशीवर ठेवते.”

सर कधी इथे तेर्साला येऊन बसले असते तर त्यांना ते दिसलं असतं. ते बसत नव्हते, म्हणून त्यांना वाटत होतं की त्या वेळी फोनला कोणी हात लावत नाही. आणि आपण प्रार्थनेच्या वेळी मोटारींचा गेम खेळतो, हे भावाच्या घरी सांगायची त्यांना लाज होती. मी काकींना सगळं सांगितलं. नेल्सनचं नाव ऐकताच त्यांचा हात पिठातच राहिला.

“भाऊ नेल्सनसंगं खेळतात? रोज?” त्या म्हणाल्या. “मग मीच तोडत होते काय गं? देवाकडे मागायची आनि हातानं तोडायची?”

मी म्हटलं, काकी, तुम्हाला काय माहीत. त्या काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. पदरानं डोळे पुसता पुसता सगळं पीठ तोंडाला लागलं.

त्या दिवसापासून तो रिसीव्हर कोणी उचलला नाही. काकींनी फोनवर चक्क देव्हाऱ्यातला क्रूस आणून ठेवला, कोणाचा हात जाऊ नये म्हणून. सरांची लाइन एकदाही पडली नाही. पण नेल्सनचं नाव यादीत आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. त्याची गाडी शेवटची दिसली ती मी तिथे होते त्या संध्याकाळीच.

मी सरांना म्हटलं, “तुम्ही स्वतः कुवेतला फोन करा.”

“काय सांगू?”

“जे झालं ते.”

“म्हणजे लाइन गेली होती असं,” सर म्हणाले. “माझ्या तोंडून?”

मग काकींनी फोन केला. स्वतःच्या चुकीनं झालं म्हणून त्यांनाच सांगायचं होतं. ते बोलणं त्यांनी मला नंतर बाजारात भेटल्या तेव्हा सांगितलं. रस्त्याच्या कडेला भाजीची पिशवी खाली ठेवून सांगितलं. नेल्सननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उशीवर ठेवलेला रिसीव्हर, लुसीबाईंची सवय, क्रूस, सगळं. आणि मग विचारलं, “काकी, हे पप्पांनी तुला सांगायला लावलं काय?”

“मी आईची शपथ घेतली गं,” काकी म्हणाल्या. “तर बोलतो कसा, तू चांगली हायस म्हनून त्यांच्यासाठी खोटं बोलतेस. मम्मी पन अशीच बोलायची. पप्पा उठून गेले की मागनं येऊन आमाला कायबाय कारन सांगायची.”

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं काम मी धंद्यात पुष्कळ केलंय. इथे तर रोग कुठे आहे ते सापडलं होतं, औषधही बरोबर दिलं होतं. त्याचा उपयोग व्हायची वेळ तेवढी निघून गेली होती. तारेतला बिघाड शोधता येतो. तीस वर्षं एक माणूस उठून जात राहिला आणि एक बाई कारणं देत राहिली, तो बिघाड काढायला माझ्या पिशवीत हत्यार नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं. मी पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी गेले असते तर, हा विचारही येतो, पण त्याला अर्थ नाही.

पावसाळा संपता संपता सरांचा दुकानात निरोप आला, मोडेम बघून जा. मला आश्चर्य वाटलं. संध्याकाळचीच गेले. पलीकडे तेर्स चालू होता. सर खुर्चीत बसले होते आणि पडद्यावर त्यांची लाल गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. बाकीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. अधूनमधून एखादी फेरी पूर्ण करून बाजूनं सूं करून जायची.

“काय झालं, सर? लाइन पडते का?”

“नाही. एकदाही पडली नाही.”

“मग?”

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी विचार करत होतो. समज, मोडेममध्ये असा काही दोष असेल की बाकी सगळे दिसतात आणि एखाद्याचंच नाव दिसत नाही. किंवा त्याला माझं दिसत नाही. तो तिथे असेल, रोज येत असेल, आणि आपल्याला कळत नसेल. असं होऊ शकतं का?”

असं होत नाही. पण मी लगेच तसं म्हटलं नाही. पिशवी उघडली, तार काढून दुसरी लावली, मोडेम बंद करून पुन्हा चालू केला, लाइन तपासली, एकेक दिवा पाहिला. माझ्या सगळ्या नोकरीत गिऱ्हाइकं हात जोडून उभी असायची, बिघाड निघू नये म्हणून. बिघाड निघावा म्हणून आशेनं बसलेला हा एकच माणूस मी पाहिला.

“मोडेम चांगला आहे, सर,” मी म्हटलं.

सर थोडे पुढे वाकले. वर्गात एखाद्या मुलानं घाईनं उत्तर दिलं की म्हणत असतील, तशा शांत आवाजात म्हणाले, “पुन्हा एकदा बघ, बाय.”

मी पुन्हा बघितला. चांगलाच होता.